आरोपीने न म्हटलेले वाक्य

“त्यानं माझा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावून घेतलं. तीन बोटं मोडली. मग त्यानं दार उघडलं, ‘नीट लागलं नाही’ म्हणाला, आणि पुन्हा लावलं.”

हे बोलत होत्या दुभाषीबाई, आणि बाईंची दहाही बोटे शाबूत होती. मोडलेली बोटे त्यांच्यापासून हातभर अंतरावर, साक्षीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर टेकलेली होती. ती आरोपीची. आरोपी स्पॅनिशमध्ये सांगत होती आणि बाई तेच इंग्रजीत न्यायाधीशांना सांगत होत्या. कोर्टाचा दंडकच तसा आहे. दुभाष्याने ‘ती म्हणते की’ असे शेपूट जोडायचे नाही. समोरचा माणूस ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचे. स्वतःबद्दल काही सांगायची वेळ आलीच, तर ‘दुभाषीला प्रश्न ऐकू आला नाही’, ‘दुभाषीला पाणी हवे आहे’, असे परक्या माणसाबद्दल सांगावे तसे सांगायचे.

त्यामुळे इतक्या वर्षांत बाईंनी करायचे काही बाकी ठेवले नव्हते. भावाला हौदात बुडवले होते, मालकाच्या पोटात सुरा खुपसला होता, झोपलेल्या शेजारणीच्या घराला बाहेरून कडी लावून आग दिली होती. हे सगळे सपाट आवाजात कबूल करून बाई जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून शांतपणे जेवत. शिपाई पाठीमागे त्यांना भोंगा म्हणत. बाईंच्या ते कानावर आले होते आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. भोंग्याला स्वतःचे काही म्हणायचे नसते, आणि बाईंना ते सोयीचेच होते. बोलताना ‘स’ आला की किंचित शीळ वाजायची तेवढीच काय ती त्यांची ओळख. पुढचे दोन दात नकली होते. जिन्यावरून पडले, असे त्या विचारणाऱ्याला सांगत.

हा खटला मात्र गेले कित्येक दिवस त्यांच्या मानगुटीवर बसला होता. आरोपी कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्री करणारी बाई, आणि आरोप नवऱ्याच्या खुनाचा. दोघेही दुसऱ्या देशातून आलेले. तिथल्या कोर्टाने या नवऱ्याला एकदा तुरुंगात घातले होते आणि सुटल्यावर बायकोच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही, असा हुकूम दिला होता. तो निकाल, डॉक्टरांचे दाखले, पोलिसांचे जबाब, सगळे बाड स्पॅनिशमध्ये होते आणि ते इंग्रजीत आणायचे काम बाईंकडे आले होते. तिकडच्या निकालपत्रांची तऱ्हा न्यारी. वाक्य पानाच्या डोक्यावर सुरू होते आणि क्रियापद पायथ्याशी भेटते. मधल्या वाटेत कलमे, पोटकलमे आणि ‘वर नमूद केलेला’ यांची खोगीरभरती. मुरलेला दुभाष्या क्रियापदाची वाट बघत बसत नाही. वाक्याचे तोंड पाहिले की त्याचा शेवट काय असणार, हे त्याच्या जिभेला आधीच कळते. या कसबावरच बाईंचे नाव झाले होते.

मोठ्या खटल्यात दुभाषी दोन असतात. एकाने अर्धा तास बोलायचे, मग दुसऱ्याने. त्याहून जास्त वेळ दोन भाषा एका डोक्यात नांदत नाहीत. बाईंचा जोडीदार म्हणजे एक जाडजूड, सदान्कदा घशाच्या गोळ्या चघळणारा गृहस्थ. दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. याच कागदांतल्या ‘अलेवोसिया’ या एका शब्दावरून त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. तिकडच्या कायद्यात हा शब्द साध्या खुनाला भारी खून करून टाकतो. जोडीदाराचे म्हणणे, शब्दकोशात ‘विश्वासघात’ दिलाय, तोच ठोकून द्या आणि मोकळ्या व्हा. बाई म्हणाल्या, त्याने निम्मा अर्थ सांडतो. ज्याला हात वर करायचीही संधी नाही अशा माणसाला मारणे, झोपलेल्याला, बांधलेल्याला, बेशुद्धाला, हे त्या शब्दाच्या पोटात आहे. शेवटी बाईंचेच खरे झाले आणि जोडीदार म्हणाला, “एका शब्दासाठी एवढा जीव काढता, जसं काही तुमच्या घरचंच प्रकरण आहे.”

आणि इथल्या कोर्टात, इंग्रजी कायद्यातही, शेवटी गाडी तिथेच येऊन अडली होती. इस्त्री आरोपीने मारली हे तिला कबूल होते. प्रश्न एकच होता. मारली तेव्हा नवरा बेशुद्ध पडलेला होता की तिच्या अंगावर आलेला होता. पडलेला असेल तर ती जन्मभर आत. अंगावर आलेला असेल तर तिने स्वतःचा जीव वाचवला. तिथे तिसरे माणूस कोणी नव्हते. जे काही आहे ते तिच्या तोंडी होते, आणि तिचे तोंड म्हणजे दुभाषीबाई.

नेमके त्या सकाळी जोडीदाराचा गाल टम्म सुजला आणि तो दात काढायला गेला. बाईंनी खटला पुढे ढकला म्हणून सुचवले. न्यायाधीश भले गृहस्थ होते, पण त्यांना हा खटला या आठवड्यात हातावेगळा करायचा होता. दुपारपर्यंत तुम्हीच सांभाळून घ्या, म्हणाले. वर आणखी असेही म्हणाले की तिला थांबवत थांबवत नको, तिच्या बरोबरीनेच बोला, म्हणजे तिची लय तुटणार नाही. बाईंनी मान डोलावली. इतक्या वर्षांत कामाला नाही म्हणायची सवय उरली नव्हती.

आरोपी बोलत होती आणि बाई बोलत होत्या. नवऱ्याने हुकूम मोडून तिचा पत्ता कसा काढला, कारखान्याच्या फाटकाशी कसा उभा राहिला, हे झाले. एकदा त्याने तिचे केस मुठीत धरून तिचे डोके नळाखाली दाबले आणि ती हातपाय झाडायची थांबेपर्यंत सोडले नाही, हे झाले. एकदा तापलेली इस्त्री तिच्या पाठीवर ठेवून तो सावकाश आकडे मोजत होता, हे सांगताना आरोपीचा आवाज बसला, पण बाईंचा बसला नाही. भोंग्याचा बसत नसतो. अर्धा तास गेला, तास गेला, त्याच्यावरही बराच वेळ गेला. बाईंच्या मानेतून कळ निघत होती. आता कान पुढे आहेत की जीभ, हे त्यांना नीटसे कळत नव्हते.

“त्या दिवशी मी कामावरून आले,” बाई म्हणाल्या, “तर तो माझ्या स्वयंपाकघरात बसलेला. त्यानं आधी दाराला कडी लावली. मग माझ्या तोंडावर बुक्की मारली. मी पडले तर पोटात लाथा घातल्या. हातात आली ती इस्त्री घेऊन मी उठले आणि त्याला ढकललं. फरशीवर पाणी सांडलं होतं. तो घसरला. शेगडीच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं आणि तो खाली पडला. त्याचे डोळे मिटलेले होते. मी त्याच्या डोक्याशी उभी होते. इस्त्री माझ्या हातात होती. आणि मी ती दोन्ही हातांनी उचलून त्याच्या डोक्यात घातली.”

सरकारी वकिलाने पेनाचे टोपण हळूच लावले. त्याचे काम झाले होते. आरोपीच्या वकिलाचा चेहरा पांढराफटक पडला. न्यायाधीशांनी वाक्य लिहून घेतले आणि त्याखाली रेघ ओढली.

बाईंनी आरोपीकडे पाहिले. तिचे तोंड मिटलेले होते. ‘इस्त्री माझ्या हातात होती’ इथे ती थांबली होती, आणि अजून थांबलेलीच होती. इंग्रजीचा एकही शब्द तिला येत नव्हता. सगळे आपल्याकडे असे का बघतात, हे न कळून ती या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. मग तिला रडू फुटले. न्यायाधीशांनी घड्याळ पाहिले आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

बाईंना आपण काय केले ते समजायला फार वेळ लागला नाही. नोंदीच्या यंत्राचा माईक एकच, आणि तो दुभाष्याच्या पुढ्यात. कोर्टाच्या लेखी स्पॅनिश म्हणजे नुसता आवाज. इंग्रजीत जे आले तेवढेच बोलले गेले. आणि त्या खोलीत दोन्ही भाषा जाणणारे माणूस एकच होते. बाई गप्प बसल्या असत्या तर ब्रह्मदेवालाही कळले नसते. सुट्टीनंतर आरोपी पुढचे काही वेगळे सांगू लागली असती, तर सरकारी वकील म्हणाला असता की हिला वकिलाने पढवून आणले. बाईंनी तोंडावर पाण्याचे हबके मारले. डबा त्यांनी उघडलाच नाही.

बाहेर बाकड्यावर जोडीदार येऊन बसला होता, गालाला रुमाल बांधून. बाईंनी त्याला उभ्याउभ्या सगळे सांगितले. तो दुखणे विसरला.

“ती तेच म्हणणार असेल तर?” तो म्हणाला. “तुम्हाला काय ठाऊक?”

“मला नाही ठाऊक. म्हणूनच.”

“बरं, सांगा मग. पण डोकं वापरून सांगा. दमले होते म्हणा. एकटीला एवढा वेळ बसवलं, चूक झाली. सगळ्यांना पटेल, साहेबांनाही पटेल, त्यांचीच घाई होती. त्याच्या पलीकडं एक अक्षर बोलू नका.”

सल्ला शहाणपणाचा होता. बाईंनाही तो पटला. त्यांच्या गळ्यात काही एकच धोंड नव्हती. घरी नवरा होता, पक्षाघाताने अर्धा लुळा पडलेला, ज्याला बाई घास भरवत. पगार बाईंचाच होता. लांबच्या शहरात मुलगी होती, आणि तिच्या लेखी वडील म्हणजे देवमाणूस. शेजारपाजारचे म्हणत, नवऱ्याचे करावे तर या बाईने. कोर्टात शेवटच्या बाकावर वर्तमानपत्रवाला बसलेला होता. काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या, या हिशेबाने बाईंचा संसार आजवर उभा राहिला होता.

सुट्टी संपल्यावर बाई माईकपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दुभाषीला नोंदीत दुरुस्ती करायची आहे. शेवटचं वाक्य आरोपीनं म्हटलेलं नाही. ती त्याच्या आधीच थांबली होती.”

सरकारी वकील ताडकन उठला. तो वाईट माणूस होता असे नाही. मेलेल्या माणसालाही कोणीतरी लागते, आणि ते काम त्याच्याकडे होते. त्याचे म्हणणे सरळ होते. आरोपीने कबुली दिली, आणि मध्ये सुट्टी गेल्यावर ती कबुली नाहीशी झाली. दुभाषी तीन आठवडे त्या बाईच्या जखमा वाचत बसल्या आहेत. त्यांना कळवळा आला असेल. ही दुरुस्ती तशीच मान्य करता येणार नाही. न्यायाधीशांनी थोडा विचार केला आणि बाईंना शपथ घेऊन पिंजऱ्यात उभे राहायला सांगितले. आरोपीला तिच्या वकिलाशेजारी बसवले. काय चालले आहे ते तिला कळायला हवे, म्हणून बाईंच्या खुर्चीत जोडीदार बसला, रुमालासकट, आणि तिच्या कानाशी वाकला.

“आजवर किती वेळा असं झालंय?” वकिलाने विचारले.

“एकदाही नाही.”

“मग आज का झालं?”

“मी दमले होते. दीड तासाच्या वर एकटीच बोलत होते.”

“बाई,” वकील म्हणाला, “तुमच्यासारख्या दुभाष्यांबरोबर मीही जन्म काढलाय. दमलेला माणूस शब्द गाळतो. पदरचे घालत नाही. इथं तर एक अख्खं वाक्य आलं. ‘दोन्ही हातांनी उचलून.’ इतकं बारीक. ते तिनं म्हटलं नाही, तर ते आलं कुठून?”

बाईंनी जोडीदाराकडे पाहिले. त्याने डोळ्यांनी नको म्हटले. मग त्यांनी आरोपीकडे पाहिले. ती मोडलेली बोटे मांडीवर घेऊन बसली होती आणि या बाई आज आपल्या जागी का उभ्या आहेत, हे समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. बाईंना त्या क्षणी स्वतःची नव्हे, तिची भीती वाटली. जन्मभर आत, आणि तेही दुसऱ्याच्या वाक्यापायी.

“ते वाक्य माझ्याकडे आधीपासून होतं,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“माझ्या नवऱ्याचा हात चालायचा. तो बस डेपोत फिटर होता. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. मला या कोर्टाची परीक्षा द्यायची होती आणि मी घरात मोठ्यानं शब्द पाठ करायचे. एक दिवस तो कामावरून आला. ‘तुझं तोंड फार चालायला लागलंय,’ म्हणाला. पिशवीतून मोठा पाना काढला, त्याला फडकं गुंडाळलं आणि माझ्या तोंडावर मारला. फडकं अशासाठी की आवाज होऊ नये. दोन दात मोरीत पडले. सासूबाई शेजारच्या खोलीत होत्या. त्यांनी रेडिओ मोठा केला.”

एक क्षण बाई थांबल्या, आणि त्या शांततेत त्यांना दुसरा आवाज ऐकू आला. जोडीदार सुजलेल्या गालातून, हळू, स्पॅनिशमध्ये म्हणत होता, मी घरात मोठ्यानं शब्द पाठ करायचे, माझ्या तोंडावर मारला, माझे दोन दात. दंडकच होता तो. आयुष्यभर इतरांचे बोलणे बाईंनी असे तोंडात घेतले होते. त्यांचे कोणी घेतलेले त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. आरोपीने मान वर केली होती.

“मग त्यानं हात धुतले,” बाई पुढे म्हणाल्या, “जेवला, आणि उकडत होतं म्हणून तिथंच फरशीवर आडवा झाला. घोरायला लागला. पाना तिथंच पडलेला होता. मी तो घेतला. त्याच्या डोक्याशी उभी राहिले. रेडिओवरच्या बातम्या संपून गाणी लागली, तरी मी उभीच होते. पाना मी दोन्ही हातांनी उचललेला होता, आणि…”

बाईंना पुढचे बोलवेना. जोडीदारही तिथेच थांबला. वाक्याचे तोंड दिसले की शेवट कळतो, असा तोही मुरलेला दुभाष्या होता. पण त्याने काही पदरचे घातले नाही. ओठ मिटून तो बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला.

“आणि?” वकिलाने विचारले. त्याचा आवाज खाली आला होता.

“आणि काही नाही. त्या संध्याकाळी मी एक शब्द पाठ केला होता. ज्याला हात वर करता येत नाही त्याला मारणं. तिकडं त्याला वेगळा शब्द आहे आणि वेगळी शिक्षा आहे. तो माझ्या डोक्यात नाचत होता. मी पाना पुसून पिशवीत ठेवला. मोरीतले दात काढले. दुसऱ्या दिवशी तोंडात बोळा धरून परीक्षेला बसले. पण साहेब, मनात मी तो पाना कितीदा त्याच्या डोक्यात घातलाय, त्याला गणती नाही. भांडी घासताना घातलाय, त्याला घास भरवताना घातलाय. आज सकाळी ती जेवढं बोलली तेवढं आमच्या दोघींचं एकच होतं. पुढचं माझं होतं. ते माझ्या तोंडून गेलं. तिला त्यासाठी आत टाकू नका.”

सरकारी वकील बराच वेळ कागद चाळत उभा राहिला. मग, आणखी काही विचारायचे नाही, म्हणून खाली बसला. न्यायाधीशांनी नोंदीतले ते वाक्य खोडायला सांगितले. दुभाषी पुढे या खटल्यात बसू शकणार नाहीत, हेही त्यांनी सांगितले, आणि सांगताना बाईंकडे पाहिले नाही.

आरोपीला पुन्हा पिंजऱ्यात बोलावले. सकाळी ती जिथे थांबली होती त्या वाक्यापर्यंत जोडीदाराने तिला आणून सोडले आणि तिच्या पुढच्या शब्दासाठी तो थांबला. इस्त्री हातात घेऊन ती नवऱ्याच्या डोक्याशी उभी होती. मग नवऱ्याने डोळे उघडले आणि तिचा घोटा धरला. तिला खाली ओढले, छातीवर गुडघा दिला आणि इस्त्रीची वायर तिच्या गळ्याभोवती आवळली. डोळ्यांपुढे अंधार आल्यावर तिने हातातली इस्त्री वर फिरवली, कुठे लागेल तिथे. एकदा फिरवली, मग तो अंगावर जड झाला. गळ्यावरचा वळ अटकेच्या वेळच्या दाखल्यात होताच. तो वळ कधी आणि कसा उठला ते आता नोंदीत आले. बाई हे मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

वाचणाऱ्याला टांगणीला लावायची हौस नाही, म्हणून पुढचे इथेच सांगून टाकलेले बरे. निकाल महिन्याभराने लागला आणि आरोपी सुटली. बाईंचे नाव दुभाष्यांच्या यादीतून गेले. चूक ती चूक, आणि नियम सगळ्यांना सारखा. घरी बसून कागदांची भाषांतरे तेवढी त्यांना मिळत राहिली. त्यातली बरीचशी जोडीदाराने, मला वेळ नाही, अशी थाप मारून पाठवलेली. बातमी छापून आली. मुलीने आठवडाभर फोन केला नाही. मग एक दिवस ती न कळवता आली, वडिलांच्या खोलीत न डोकावता सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आईची हनुवटी धरून तिचे तोंड उजेडाकडे वळवून बघत राहिली.

पण हे सगळे नंतरचे. त्या दिवशी कोर्ट उठल्यावर बाई कोर्टाचा बिल्ला परत करायला निघाल्या, तर बोळात समोरून हवालदारीण आरोपीला घेऊन येत होती. एरवी दुभाष्याने आरोपीशी कामाबाहेरचा एक शब्द बोलायचा नसतो. बाई सवयीने भिंतीला सरकल्या. मग आपण आता कोणी नाही हे त्यांच्या लक्षात आले आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. आरोपीही थांबली. इतके दिवस दोघी एकमेकींच्या शेजारी बसल्या होत्या, पण एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या.

“तो आहे अजून?” आरोपीने तिच्या भाषेत विचारले.

“आहे.”

“तुझ्याजवळ?”

“माझ्याजवळच. अर्धं अंग गेलंय त्याचं. आज सकाळी त्याची दाढी करून आले.”

आरोपीने बाईंच्या हातांकडे पाहिले. “वस्तऱ्यानं?”

“वस्तऱ्यानं.”

आरोपीने बेडीतले दोन्ही हात जमतील तेवढे पुढे केले आणि बाईंचे हात त्या वाकड्या बोटांत धरले. हवालदारणीने लगेच सोडवले नाहीत. थोड्या वेळाने ते सोडवत तिने बाईंना विचारले, “काय म्हणत होती हो ती?”

बाईंनी सांगायला तोंड उघडले, आणि मिटले.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “घरचं विचारत होती.”